चालता प्रोग्रॅम नव्या लॅपटॉपवर का अडतो?

प्रश्न : मी कोपरखैरण्याला राहते आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वाशीच्या बाजार समितीतील कांदा-बटाट्याची रोजची आवक आणि भाव यांचे आलेख काढणारा, आधीच्या तुकडीने पायथॉनमध्ये लिहिलेला प्रकल्प मला पुढे न्यायचा आहे. माझ्या विंडोज लॅपटॉपवर पायथॉन ३.१२ आहे. सोबतच्या पॅकेजेसच्या यादीप्रमाणे नमपाय (आकडेमोडीचे पॅकेज) १.२३.५ बसवायला गेले, तर पानभर लाल अक्षरे येऊन ‘डिस्टयुटिल्स’ नावाचे मॉड्यूल नसल्याचा संदेश येतो. एका मित्राच्या सांगण्यावरून यादीतील सगळे आवृत्ती-क्रमांक काढून टाकले. तेव्हा सर्व पॅकेजेस बसली, पण प्रोग्रॅम आता नमपायमधल्या ‘एनपी.फ्लोट’ या नावापाशी थांबतो. लॅपटॉप फॉरमॅट करावा का?

उत्तर : फॉरमॅट मुळीच करू नका. आपल्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे : तो प्रकल्प ज्या पायथॉनवर लिहिला गेला, ते पायथॉन आपल्याकडे नाही.

नमपायचा बराचसा भाग सी भाषेत लिहिलेला असल्यामुळे पायथॉनच्या प्रत्येक आवृत्तीसाठी त्याची वेगळी तयार प्रत काढली जाते, जिला ‘व्हील’ म्हणतात. नमपाय १.२३.५ हे नोव्हेंबर २०२२ मधले; त्याची व्हील्स पायथॉन ३.८ ते ३.११ पर्यंतच आहेत, कारण ३.१२ आले ते ऑक्टोबर २०२३ मध्ये. तयार प्रत सापडली नाही की पॅकेजेस बसवणारा पिप मूळ सोर्स कोड उतरवून घेतो आणि आपल्याच लॅपटॉपवर त्याची बांधणी सुरू करतो. त्या बांधणीला जे डिस्टयुटिल्स लागते, ते पायथॉन ३.१२ मधून काढून टाकलेले आहे. लाल अक्षरांच्या वर, अगदी सुरुवातीला, उतरवलेल्या फाइलचे नाव पाहा. ते ‘डब्ल्यूएचएल’ने (म्हणजे व्हीलने) न संपता ‘टार.जीझेड’ने (म्हणजे सोर्स कोडच्या गठ्ठ्याने) संपत असेल, तर गाडी तिथेच रुळावरून उतरली असे समजावे. बहुतेक जण फक्त शेवटची ओळ वाचून डिस्टयुटिल्स शोधत बसतात आणि दिवस घालवतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मित्राचा सल्ला चांगल्या हेतूचा असला, तरी त्याने अडचण फक्त पुढे ढकलली. क्रमांक नसल्यामुळे पिपने सर्वांत नवे नमपाय आणले, ‘एनपी.फ्लोट’ हे नाव मात्र नमपाय १.२० पासून कालबाह्य ठरवले गेले होते आणि १.२४ मध्ये ते काढण्यात आले. यादीतले ते आकडे म्हणजे आधीच्या तुकडीने आपल्यासाठी ठेवलेली सर्वांत मोलाची माहिती आहे. ती मूळ यादी परत मिळवा.

मग पायथॉनच्या अधिकृत संकेतस्थळावरून ३.११.९ उतरवून घ्या. ३.११ मालिकेत विंडोजसाठी तयार इन्स्टॉलर असलेली ही शेवटची आवृत्ती आहे, त्यामुळे त्यापुढचा क्रमांक शोधू नका. ती ३.१२ च्या शेजारी निर्धास्त बसते. जुने काही काढावे लागत नाही. त्यानंतर प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ३.११ वापरून ‘व्हेन्व’ या पायथॉनसोबतच्या साधनाने स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट (फक्त या प्रकल्पाच्या पॅकेजेसची वेगळी जागा) तयार करा, ते सुरू करा, आणि ‘पायथॉन’पुढे ‘व्हर्जन’ विचारून ३.११ हेच उत्तर येते ना, याची खात्री करा. ही खात्री न करता पुढे गेल्यास पॅकेजेस पुन्हा ३.१२ मध्येच जाऊन बसण्याची शक्यता असते. आता मूळ यादी जशीच्या तशी बसवा आणि शेवटी ‘पिप चेक’ चालवा. पॅकेजेसचे आपसात कुठे जुळत नसेल, तर ते त्यात नावानिशी दिसते.

प्रकल्प ३.१२ वर न्यायचाच असेल, तर ते काम सादरीकरणानंतर दुसऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये करा. पायथॉन ३.१२ साठी व्हील असलेले पहिले नमपाय १.२६ आहे, आणि ‘एनपी.फ्लोट’च्या जागी नुसते ‘फ्लोट’ लिहिले तरी चालते, कारण ते पायथॉनच्या फ्लोटचेच दुसरे नाव होते. आणि एक विनंती : यादीच्या पहिल्या ओळीत, हॅशचे चिन्ह देऊन, ‘पायथॉन ३.११’ एवढे आजच लिहून ठेवा; पुढच्या वर्षी हा प्रकल्प हाती घेणाऱ्याला ती ओळ लागेल.