‘शहादामधून’ की ‘शहाद्याची’? आणि आपले देश किती?

नंदुरबारच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांची भाची, म्हणजे भावाची मुलगी, सुरतला वाढली, शाळा इंग्रजी माध्यमाची. सध्या घरीच मराठी शिकतेय. तिनं स्वतःची ओळख लिहिली ती अशी: “मी शहादामधून आहे. माझ्या राज्याची राजधानी मुंबई आहे. माझा देश भारत आहे. मला प्रवास करायला खूप आवडतो.” आजीनं पहिल्याच वाक्याला अडवलं, “शहादामधून काय? शहाद्याची म्हण!” आजीचं बरोबर का, असं ताई विचारतात. शिवाय भाचीची स्वतःची एक शंका आहे: आपण खानदेशातले आणि भारत देशातलेही, मग आपले देश दोन कसे?

आजीचं बरोबर आहे, आणि एका वाक्यात दोनदा बरोबर आहे.

आधी ‘मधून’. हल्ली मुलाखतींत, मोबाइलवरच्या व्हिडिओंत सर्रास ऐकू येतं, “मी जळगावमधून आहे”, “मी धुळ्याहून आहे”. मराठीत ‘हून’ आणि ‘तून’ यांना हालचाल लागते. शहाद्याहून सकाळी निघालो, दोंडाईच्याला चहा घेतला. पोत्यातून कापूस काढला. गाडी शिरपूरमधून जाते. फोनवर “मी चाळीसगावहून बोलतोय” हेही चालतं, कारण आवाज तिथून निघून इथवर पोचतो. पण नुसत्या ‘आहे’ला कुठून निघायचं असतं? “मी शहादामधून आहे” ऐकलं की वाक्य अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. शहाद्यामधून काय, पुढे बोला की.

माणूस आणि गाव यांचं नातं मराठी षष्ठीनं सांगते: मी शहाद्याची, तो भुसावळचा, ते पाहुणे एरंडोलचे. अहिराणीतही तेच आहे, फक्त ‘चा’च्या जागी ‘ना’ येतो: “मी धुयाना शे.” गंमत म्हणजे भाची जिथं वाढली त्या सुरतेची गुजरातीही असंच बोलते, “हुं सुरतनी छुं.” तेव्हा तिच्या ‘मधून’चा दोष गुजरातीवर घालू नका. तो हिंदीच्या ‘सूरत से हूँ’मधून आणि शाळेतल्या इंग्रजीतून आलाय. (या वाक्यातला ‘मधून’ मात्र रास्त आहे, तो खरोखर तिथून इथे आलाय.)

हा ‘चा’ गावापुरताच खुलतो. प्रदेश मोठा झाला की आपण आपोआप ‘तला’वर जातो. मी शहाद्याची, पण नंदुरबार जिल्ह्यातली, खानदेशातली, महाराष्ट्रातली. देशाशी पोचलो की ‘भारतीय’ म्हणून मोकळे होतो. परदेशात कुणी विचारलं तर “मी भारतातला” म्हणू, “मी भारताचा” सहसा नाही; ‘भारताचा’ म्हटलं की पुढे ‘कर्णधार’ किंवा ‘राजदूत’ असं काहीतरी यावं लागतं. याचा नियम मी कुठल्या व्याकरणात वाचलेला नाही, पण कुठल्याही स्टँडवर दहा मिनिटं उभं राहा, हेच ऐकाल.

आता दुसरी गोष्ट, ‘शहादा’चं ‘शहाद्या’. आजीला खरं तर हेच खटकलं असणार. आपल्याकडची निम्मी गावं या परीक्षेला बसतात. धुळे, पण धुळ्याला. चोपडा, पण चोपड्याचा. पाचोऱ्याहून, पारोळ्यात, तळोद्याला, सावद्याची केळी, अक्कलकुव्याची गाडी. जळगाव, यावल, रावेर, अमळनेर यांना ‘ला’, ‘चा’, ‘हून’ लावताना काही होत नाही. पण ‘त’ लावला की तीही हलतात, जळगावात, अमळनेरात. शिरपूरचा ‘पू’ शिरपुरात ऱ्हस्व होतो. साक्रीला कशानंच फरक पडत नाही. सगळ्यात मजेशीर दोंडाईचा. गावाच्या नावातच ‘चा’ बसलाय, त्यामुळे तिथला माणूस ‘दोंडाईच्याचा’ होतो. परक्याला वाटतं, हा अडखळतोय.

ही रूपं हळूहळू पुसली जात आहेत, आणि त्याचा मोठा वाटा ‘येथे’ला जातो. बातम्या, निमंत्रणपत्रिका, सरकारी कागद सगळीकडे “चोपडा येथे”, “धुळे येथील”, “पाचोरा येथून”. ‘येथे’ लावला की मूळ नावाला हात लावावा लागत नाही, चुकायची भीती नाही. वाचून वाचून मुलांच्या डोक्यात ‘चोपडा’ हे न बदलणारं नाव बसतं आणि मग बोलताना ‘चोपडामध्ये’, ‘धुळेला’ येतं. एसटीची पाटी ‘चोपडा’ म्हणणारच, पाटी आहे ती, पण तिच्याखाली उभा कंडक्टर मात्र “चोपड्याचे कोण कोण आहेत?” असंच विचारतो. भाचीनं कंडक्टरचं ऐकावं.

सुरतेचंही थोडं. आपण आज ‘सुरतला’ म्हणतो, पण इतिहासात शिकलो ती ‘सुरतेची लूट’. ‘सुरतेला’, ‘गुजरातेत’ ही जुनी स्त्रीलिंगी वळणं. कानाला गोड लागतात. तिनं ‘सुरतला’ लिहिलं तर मी काही लाल खूण करणार नाही.

राजधानीच्या वाक्यात चूक नाही. फक्त ते “मुंबई ही माझ्या राज्याची राजधानी” असं लिहिलं तर जास्त मराठी वाटेल. तो ‘ही’ मात्र लक्ष देण्यासारखा आहे. मुंबई स्त्रीलिंगी, राजधानी स्त्रीलिंगी, तिथे प्रश्नच येत नाही. नागपूर घ्या. एरवी आपण “नागपूर वाढलं”, “नागपूर हे मोठं शहर” म्हणतो, म्हणजे नपुंसकलिंग. पण “नागपूर ही महाराष्ट्राची उपराजधानी”. इथे ‘हे’ घालून बघा, जीभ अडखळते. सर्वनाम मागच्या नावाकडे न बघता पुढच्या ‘राजधानी’कडे बघतं.

खुद्द खानदेशाची राजधानी कुठली, असं भाचीनं विचारलं तर उत्तर थोडं लांबतं. फारुकी सुलतानांचं आधीचं ठाणं थाळनेर, आजच्या शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठी. पुढे राजधानी झाली बुऱ्हाणपूर, तीही तापीवरच, पण ते आता मध्य प्रदेशात. म्हणजे खानदेशाची जुनी राजधानी बघायला आज राज्याची हद्द ओलांडावी लागते. जळगावच्या रेल्वे स्टेशनात मात्र ‘राजधानी’ म्हटलं की कुणाला दिल्लीही आठवत नाही आणि बुऱ्हाणपूरही. 2019 पासून मुंबईची राजधानी एक्सप्रेस तिथे थांबते, “राजधानी किती लेट आहे?” एवढाच विषय.

आता दोन देशांचा प्रश्न. मला सगळ्यात आवडला तो हाच.

‘देश’ म्हणजे झेंडा, घटना, पासपोर्ट असलेलं राष्ट्र, हा अर्थ अलीकडचा आहे. संस्कृतात देश म्हणजे जागा, प्रदेश, मुलूख. मराठीनं तो अर्थ अजून सोडलेला नाही. साताऱ्या-सोलापुराकडचा माणदेश घ्या. यादवांच्या लेखांतला सेऊणदेश घ्या, आपल्या खानदेशाचा काही भाग त्यात येत असे. कोकणातला माणूस घाट चढून वर आला की तो ‘देशावर’ येतो. त्याला व्हिसा लागत नाही. देशमुख म्हणजे परगण्याचा मुख्य. देशी गाय, देशी बियाणं यातलाही देश मुळात ‘इथलं, या मातीतलं’ एवढाच. घरदार सुटून माणूस देशोधडीला लागतो तोही बहुतेक वेळा पुढच्या तालुक्यापर्यंतच गेलेला असतो.

तेव्हा खानदेश म्हणजे खानांचा मुलूख. फारुकी राजे ‘खान’ ही पदवी लावत, त्यावरून नाव पडलं हे मत सर्वात जास्त मानलं जातं. कान्हदेश, म्हणजे कृष्णाचा देश, अशीही व्युत्पत्ती सांगतात. ऐकायला छान आहे, पण मी पहिल्या बाजूचा. एक गोष्ट तिला सांगाच: 1601 साली असीरगड घेतल्यावर अकबरानं आपला मुलगा दानियाल याच्या नावावरून या मुलखाला ‘दानदेश’ केलं होतं. ते नाव दरबारी कागदांबाहेर टिकलं नाही. बादशहानं बदललेलं नाव लोकांनी पुन्हा मूळ जागी आणून ठेवलं.

इंग्रजांनी 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. पूर्व खानदेश पुढे जळगाव झाला, पश्चिम खानदेश धुळे. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. म्हणजे आज कागदावर ‘खानदेश’ नावाचा कुठलाच जिल्हा नाही, विभागही नाही. तरी जळगावच्या माणसाला पुण्यात कुणी विचारलं तर तो “खानदेशातला” म्हणतोच, आणि शेवभाजीही खानदेशीच राहते. शहाद्याच्या आजीनं एकाच घरात राहून पत्त्यावर आधी पश्चिम खानदेश, मग धुळे आणि मग नंदुरबार लिहिलं असेल. तिच्या दृष्टीनं देश बदलतच असतात, गाव तेवढं तेच.

त्या पत्त्यावरून आठवलं. आपल्या लग्नपत्रिकांवर वरपक्षाच्या नावाखाली असतं: “रा. अमुक, ता. शहादा, ह. मु. सुरत.” राहणार शहाद्याचे, हल्ली मुक्काम सुरत. आता ‘राहणार’ म्हणजे खरं तर राहतो तो. पण इथे राहणं सुरतला चाललंय आणि ‘राहणार’ मात्र शहादा! उधना, लिंबायत भागात तीस-तीस वर्षं काढलेल्या माणसाचाही सुरतेत ‘मुक्काम’च असतो, तोही ‘हल्ली’चा. भाचीच्या ओळखीत ‘मधून’ऐवजी हे वापरता येईल: “आम्ही मूळचे शहाद्याचे, हल्ली सुरतला असतो.” असंच बोलतात सगळे.

शेवटचं वाक्य: “मला प्रवास करायला खूप आवडतो.” इथे ‘आवडतं’ हवं. आवडणारी गोष्ट प्रवास असेल तर “मला प्रवास आवडतो”. आवडणारी गोष्ट ‘करायला’ असेल तर “प्रवास करायला आवडतं”. दोन्हींची सरमिसळ फार होते, चांगल्या लिहिणाऱ्यांकडूनही. पण मला विचाराल तर तिला प्रवास म्हणायचंच नसावं. शहादा ते सुरत बसमधून हादरत जाणं हा प्रवास. तो कुणाला आवडतो? तिला आवडतं ते फिरणं. “मला फिरायला आवडतं”, किंवा आजीच्या तोंडी शोभेल असं, “फिरायची भारी हौस.”

हिंदी वाचणाऱ्या मुलांना इथे आणखी एक खड्डा आहे. मराठीत प्रवासी म्हणजे गाडीत बसलेला. हिंदीत गाडीत बसलेला तो यात्री, आणि प्रवासी म्हणजे गाव सोडून दुसरीकडे जाऊन राहिलेला. भुसावळ स्टेशनच्या भोंग्यावर एकाच दमात “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे” आणि “यात्रीगण कृपया ध्यान दें” ऐकायला मिळतं, दोन्ही त्याच लोकांना उद्देशून. हिंदीच्या हिशेबानं भाचीच्या घरचे सगळे प्रवासीच, भले वर्षभर कुठे गेले नसोत. आणि आपल्याकडे यात्रा म्हणजे जत्रा: दत्तजयंतीला भरणारी सारंगखेड्याची यात्रा, जिथं घोड्यांचा बाजार लागतो. “आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो” हे वाक्य तिनं हिंदीत शब्दशः नेलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल ही मंडळी जत्रेला नाही, नुसती प्रवासाला निघाली होती.