तिसरी घंटा आणि नावेचा धक्का

वाचकांचे प्रश्न : प्रवास

प्रश्न : डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या आई-वडिलांच्या लग्नाला ५० वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त आम्ही सहा जण बँकॉकला जाणार आहोत. वडील ७६ वर्षांचे असून त्यांचे गुडघे दुखतात; आई ७१ वर्षांची असून ती कांदा-लसूण खात नाही. आईचे सारे आयुष्य पंचवटीत गेले आहे, त्यामुळे थाई रामायणाचा प्रयोग पाहण्याची तिला फार इच्छा आहे, तर मुलांना रात्री नदीतल्या नावेवर जेवायचे आहे. आमच्या प्रवास एजंटाने संध्याकाळी ५ वाजता ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ आणि ७ वाजता नाव असे दोन्ही एकाच संध्याकाळी बसवून दिले आहे. हे जमण्यासारखे आहे का? जेवणाचे काय करावे?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : कागदावर जमण्यासारखे आहे, बँकॉकच्या रस्त्यावर मात्र ते जमेलच असे नाही. आपल्याकडे तिसरी घंटा झाल्यावरही रसिक अंधारात चाचपडत आपल्या खुर्चीपर्यंत पोहोचतात आणि कोणी त्यांना हटकत नाही. नावेला ही सोय नसते. ती एकदा धक्क्यावरून सुटली की आपले आरक्षण, पैसे आणि सहा जणांची पंगत घेऊन ती निघून जाते. पाचचा प्रयोग साडेपाच-पावणेसहाला संपून, पार्किंगमधून गाडी बाहेर येऊन, कार्यालये सुटण्याच्या नेमक्या वेळी शहर ओलांडून सातच्या आत धक्का गाठायचा, हे तरुण मित्रांच्या टोळीला चालेल. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला घाईने चालायला लावणारी आखणी लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला शोभत नाही.

त्याहून आधी एक विचारून घ्यावे : हा ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हणजे नेमका कोणता? प्रयोगाचे नाव, नाट्यगृहाचे नाव आणि कालावधी हे तिन्ही एजंटाकडून लेखी घ्यावे. बँकॉकमध्ये ‘सियाम निरामित’ नावाचा अतिभव्य रंगमंचीय कार्यक्रम अनेक वर्षे चालत असे आणि भारतीय सहलींच्या पत्रकांत त्याचे नाव हमखास असायचे. तो २०२१ साली कायमचा बंद झाला, तरी जुन्या पत्रकांतून आणि जुन्या व्हिडिओंतून तो अजून जिवंत आहे. दुसरी शक्यता अशी की हा कार्यक्रम म्हणजे नावेवरच जेवणाच्या टेबलांमधल्या मोकळ्या जागेत होणारी दहा-पंधरा मिनिटांची नृत्ये असतील. ती दिसायला सुरेख असतात, परंतु ताटात सूप आणि समोर अप्सरा अशा स्थितीत धड कशाकडेच लक्ष राहत नाही, आणि आपल्या आईंना जे पाहायचे आहे ते हे नव्हे.

त्यांना पाहायचे आहे ते ‘खोन’. मुखवटे घालून सादर होणारे हे थाई नृत्यनाट्य पूर्वी राजदरबारी होत असे. त्याची कथा ‘रामकियन’ या थाई रामायणातून घेतलेली असते, आणि २०१८ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला. पात्रे स्वतः बोलत नाहीत; बाजूला बसलेले निवेदक त्यांच्या वतीने गातात आणि बोलतात, आणि पात्रे हाता-पायांच्या ठरलेल्या मुद्रांतून ते साकारतात. आपल्याकडे त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात बोहाडा पाहिलेल्या माणसाला मुखवट्याआडच्या देवाची ही सवय असते. फरक इतकाच की बोहाड्याची सोंगे गावाच्या वाटेवरून मशालीच्या उजेडात वाजतगाजत येतात, आणि खोनमध्ये बोटाचे टोकही ठरल्याबाहेर हलत नाही. हनुमानाचा मुखवटा पांढरा असतो आणि रावणाचा हिरवा, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा प्रयोग भाषेविना कळतो. रावणाला तिथे ‘तोत्सकान’ म्हणतात, म्हणजे आपला दशकंठच. राम ‘फ्रा राम’, लक्ष्मण ‘फ्रा लक’ आणि सीता ‘सीदा’.

आईंना मात्र दोन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात, नाहीतर प्रयोगानंतर हॉटेलवर दीर्घ चर्चा होईल. एक, रामकियनमधील सीता ही जन्माने रावण-मंदोदरीची कन्या आहे; अशुभ भाकितामुळे तिला पाण्यात सोडून दिले जाते आणि ती जनकाला सापडते. दुसरी गोष्ट काळारामाच्या दारात वाढलेल्या कोणालाही चमकवणारी आहे : तिथला हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना दगड पळवणाऱ्या सुवर्णमत्स्येला अडवायला तो समुद्रात उतरतो आणि तिच्याच प्रेमात पडतो, आणि हा प्रसंग तर खोनमध्ये विशेष लोकप्रिय आहे. माझ्या मावशीने तो पाहिला तेव्हा ती काही बोलली नाही, परंतु पदर सावरून ताठ बसली आणि प्रवेश संपेपर्यंत समोर बघितले नाही.

आता आखणीकडे येतो. माझा स्पष्ट सल्ला असा की दोन्ही गोष्टी एकाच दिवशी कराव्यात, पण एकाच संध्याकाळी करू नयेत. प्रयोग दुपारी, मग हॉटेलवर पडणे, आणि संध्याकाळ पूर्णपणे नावेसाठी. याला सोयीची गोष्ट अशी की राजवाड्याच्या, म्हणजे ग्रँड पॅलेसच्या, ५०० बातच्या तिकिटात ‘साला चालेर्मक्रुंग’ या नाट्यगृहातील खोनचा प्रवेश धरलेला असतो. हे नाट्यगृह सातव्या रामाने, म्हणजे राजा प्रजाधिपोक यांनी, बँकॉकच्या दीडशेव्या वर्षाची आठवण म्हणून बांधवले आणि १९३३ साली ते चित्रपटगृह म्हणून सुरू झाले. तिथला प्रयोग अर्ध्या तासाच्या आतबाहेरचा, वातानुकूलित सभागृहात आणि सोमवार ते शुक्रवार दिवसाच असतो. ज्येष्ठांना हे सारे सोयीचेच. ५ आणि १० डिसेंबर या तिथल्या सार्वजनिक सुट्ट्या आहेत, त्यामुळे आपल्या आठवड्यात १० तारीख टाळून दिवस निवडावा आणि प्रयोगाची वेळ राजवाड्याच्या तिकीट खिडकीवरच विचारून घ्यावी.

राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो, तेव्हाच पोहोचावे. तिकीटविक्री दुपारी साडेतीनला थांबते, पण दहानंतर तिथले ऊन आणि गर्दी दोन्ही वडिलांना मानवणार नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत असा नियम आहे, त्यामुळे साडी नेसलेल्यांना अडचण नाही; हाफ पँट घालणाऱ्या नातवाने मात्र त्या दिवशी लांब पँट घालावी. आत पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांत रामकियनची १७८ भित्तिचित्रे सलग रंगवलेली आहेत आणि आधी ती पाहून मग खोन पाहिले तर प्रयोग कितीतरी अधिक कळतो. सगळी पाहण्याचा हट्ट धरू नये. उत्तरेकडून सुरुवात करावी, जनकाला सीता सापडते ते चित्र पाहावे, सुवर्णमृग आणि सीताहरण शोधून काढावे, कारण आपल्या आईंना ती जागा घरची वाटणार, आणि मग वडिलांना जिथे सावलीत टेकायला मिळेल तिथे दोघांना बसू द्यावे. राजवाडा आणि प्रयोग मिळून वडील थकले, तर नाव दुसऱ्या दिवशी ठेवावी. त्याचसाठी नावेचे आरक्षण करताना तारीख बदलता येईल असे घ्यावे, मग थोडे महाग पडले तरी चालेल.

एरवी नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास थायलंड कल्चरल सेंटरमध्ये राजघराण्याच्या आश्रयाखालील खोनचे मोठे, पूर्ण लांबीचे प्रयोग होतात. आपल्या तारखांना तसा प्रयोग मिळाला तर तो जरूर पाहावा. मात्र त्या रात्री नावेचे नाव काढू नये. दोन-अडीच तासांच्या प्रयोगाला त्याची स्वतःची संध्याकाळ लागते.

नावेविषयी. चाओ फ्राया नदीवरील बहुतेक जेवणाच्या नावा सात-साडेसातच्या सुमारास माणसे घेतात आणि सुमारे दोन तास फिरवून त्याच धक्क्यावर आणून सोडतात. आयकॉनसियाम, रिव्हर सिटी आणि एशियाटिक हे त्यांचे प्रमुख धक्के, आणि घोळ होतो तो इथेच. एकाच धक्क्यावरून चार-पाच कंपन्यांच्या नावा पाठोपाठ सुटतात, प्रत्येकीचे नोंदणीचे टेबल वेगळे, आणि ओळख म्हणून प्रवाशांच्या कपड्यांवर रंगीत स्टिकर चिकटवतात. आमच्या वेळी एजंटाने चिठ्ठीवर धक्क्याचे नाव एक लिहिले होते आणि नाव सुटत होती दुसऱ्याच धक्क्यावरून. आम्ही टॅक्सीत बसून मीटर आणि घड्याळ आळीपाळीने पाहत होतो. पोहोचलो तेव्हा आमची नाव पाण्यात पन्नास फुटांवर होती आणि तिच्यावर दिवे लागले होते. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी धक्क्याचे नाव, नावेचे नाव आणि हजर राहण्याची वेळ ही तिन्ही आरक्षणाच्या पत्रावर पाहिल्याशिवाय पैसे भरत नाही.

टॅक्सीऐवजी रेल्वेने जावे, हा त्याच अनुभवातला दुसरा धडा. बीटीएस या उंचावरून धावणाऱ्या रेल्वेचे सफान ताक्सिन स्थानक सातोर्न धक्क्याला लागूनच आहे आणि तिथून आयकॉनसियामला जाणारी फेरी मिळते. साडेपाचला हॉटेल सोडले की साडेसहाला आपण धक्क्यावर निवांत उभे असाल. डिसेंबरात तिथे सहाच्या आसपास सूर्य मावळतो, त्यामुळे नदीवरचा संधिप्रकाश या छोट्या फेरीतच पाहून होतो. जेवणाची मोठी नाव सुटते ती अंधारातच.

नावेवर चढताना वडिलांचा हात धरावा. बँकॉकपाशी नदीला समुद्राची भरती-ओहोटी जाणवते, त्यामुळे काठ आणि तरंगता धक्का यांना जोडणाऱ्या फळीचा उतार दर तासाला बदलतो, आणि शेजारून दुसरी नाव गेली की धक्का हलतो. वरचा मजला उघडा असतो, तिथे वारा आणि छायाचित्रे उत्तम; पण गाणी, ध्वनिवर्धक आणि काही वेळाने नाचणारी मंडळीही तिथेच. ज्येष्ठांसाठी खालच्या मजल्यावर खिडकीलगतचे टेबल आरक्षणाच्या वेळीच मागून घ्यावे आणि मुलांना वर पाठवावे. आयकॉनसियामहून वर जाताना डावीकडे वाट अरुण, म्हणजे अरुणाचे मंदिर, येते आणि थोडे पुढे उजवीकडे राजवाड्याचे सोनेरी कळस. रामा आठवा पुलाशी नाव वळते आणि परतीत बाजू उलट होतात, म्हणून जागेवरून भांडण्याचे कारण नाही. वाट अरुण समोर येईल ती पाच-दहा मिनिटे मात्र कोणी बुफेच्या रांगेत उभे राहू नये. पहिली वाढणी नाव सुटताच उरकावी, नाहीतर सगळ्यांना एकाच वेळी भूक आणि देऊळ दोन्ही दिसतात.

जेवणाचा प्रश्न खरा आहे. थाई स्वयंपाकात मिठाच्या जागी माशाचा रस पडतो, ‘नाम प्ला’ त्याचे नाव, आणि नुसत्या भाज्यांच्या दिसणाऱ्या पदार्थातही तो असतो. ‘शाकाहारी’ एवढ्या शब्दाने भागत नाही. तिथे ‘जे’ असा शब्द आहे : मांस, मासे, अंडी, दूध आणि कांदा-लसणासारखे उग्र पदार्थ वर्ज्य असलेले जेवण. आपल्या नवरात्राच्या सुमारास तिथे नऊ दिवस ‘जे’ पाळण्याचा उत्सवच असतो. आरक्षण करताना हा शब्द लिहून एका व्यक्तीचे वेगळे ताट मागावे आणि लेखी होकार घ्यावा. भारतीय बुफे असणाऱ्या नावाही चाओ फ्रायावर आहेत, पण त्यांच्या पनीरच्या भाजीत कांदा-लसूण असतोच, हे विसरू नये. तरीही माझ्या मते आईंसाठी दशम्या आणि लिंबाचे गोड लोणचे पिशवीत असावे, आणि संध्याकाळी पाचला त्यांनी हॉटेलवरच थोडे खाऊन घ्यावे. थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. तिथे साडेसातला पान मांडले जाते तेव्हा आपल्या पोटात सहाच वाजलेले असतात, त्यामुळे नावेवर त्या फळे आणि भातावर आनंदाने राहतील.

प्रश्न : एवढ्या लांब न जाता गोव्यात मांडवीवर असाच बेत करता येईल का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : करता येईल, पण क्रम उलटा ठेवून. पणजीच्या सांता मोनिका धक्क्यावरून सुटणारी सूर्यास्ताची फेरी साधारण तासाभराची असते आणि ‘देखणी’ हे गोव्याचे लोकनृत्य, फुगडी, पोर्तुगीज वळणाची नृत्ये हे सारे नावेवरच होते. कार्यक्रम म्हणून त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. नावेच्या कठड्याला टेकून पणजीचे दिवे लागताना पाहणे हाच त्यातला मोठा भाग. मांडवीत नांगरून असलेल्या मोठ्या झगमगत्या बोटी मात्र कॅसिनोच्या आहेत, हे धक्क्यावर तिकीट काढताना ध्यानात ठेवावे. मुलांना घेऊन गेलेली कुटुंबे दिव्यांच्या मोहाने चुकीच्या खिडकीशी उभी राहतात.

खरा प्रयोग पाहायचा असेल तर त्याच नदीच्या काठी, कांपाल येथील कला अकादमीच्या कार्यक्रमांचे वेळापत्रक आधी पाहून ठेवावे आणि त्यानुसार नावेची तारीख ठरवावी. चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या त्या वास्तूत कोकणी तियात्र, म्हणजे गोव्याचे गाण्यांनी भरलेले नाटक, मिळाले, तर कानाला पाच मिनिटे द्यावी लागतात आणि नंतर मराठी माणसाला निम्म्याहून अधिक कळते. धक्क्यापासून अकादमी रिक्षाने जवळच आहे, तेव्हा सूर्यास्ताची फेरी संपवून, मधल्या वेळात पणजीतच जेवून प्रयोगाला जाता येते. काट्यांचा मासा चांदण्यात आणि हलत्या नावेवर खाण्यापेक्षा खाणावळीच्या दिव्याखाली खाल्लेला बरा.