वाचकांचे प्रश्न : अलाबामातल्या छोट्या शहरात मेयर आणि कौन्सिल निवडतात कसं?

ताई, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अलाबामातल्या एका छोट्या शहरात राहतो. प्रेसिडेंटच्या इलेक्शनला इथे रिपब्लिकनना भरभरून मतं पडतात म्हणे, पण मेयरच्या इलेक्शनला अंगणात लावलेल्या पाट्यांवर पक्षाचं नावच नव्हतं. मग लोक मत देतात तरी कशावर?

पाटीवर पक्ष नाही कारण मतपत्रिकेवरच नसतो. अलाबामात शहरांच्या निवडणुका पक्षाशिवाय होतात आणि त्या बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरात नाही तर ऑगस्टमध्ये असतात, 2025 ला 26 ऑगस्टला झाल्या. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पुढच्या महिन्यात पहिल्या दोघांमध्ये रनऑफ, म्हणजे पुन्हा मतदान. आता भर उन्हाळ्यात, वेगळ्या तारखेला, प्रेसिडेंट-गव्हर्नरचा गाजावाजा नसताना मत द्यायला कोण जातं, तर ज्यांचं शहराशी रोजचं देणंघेणं आहे ते, म्हणजे जुने रहिवासी, चर्चमधली मंडळी, छोटे व्यावसायिक, शहराचे कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं. मुद्देही तसेच असतात, पाण्याचं बिल, पाऊस पडला की तुंबणारी गटारं, पोलिसांचे पगार. शिवाय अलाबामातली शहरं मुख्यतः सेल्स टॅक्सवर चालतात, त्यामुळे हायवेलगत मोठं दुकान येतंय का यावर पूर्ण निवडणूक फिरू शकते. मतपत्रिकेवर पक्ष नसला म्हणून लोकांच्या मनात नसतो असं मात्र नाही. दक्षिणेत बहुतेक गोरे मतदार रिपब्लिकन आणि बहुतेक कृष्णवर्णीय मतदार डेमोक्रॅट, ही विभागणी सिटी हॉलपर्यंत पोचतेच, फक्त तिथे ती कोणता उमेदवार कोणत्या वस्तीतला आहे यातून दिसते.

आमच्याकडे अख्खं शहर मिळून कौन्सिल निवडतं, शेजारच्या शहरात वॉर्ड आहेत. एवढ्याने काय फरक पडतो?

खूप पडतो, माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. समजा पाच जागा आहेत, शहरात 60 टक्के एका समाजाचे आणि 40 टक्के दुसऱ्या समाजाचे मतदार आहेत आणि दोन्हीकडचे आपापल्या माणसालाच मत देतात. प्रत्येक जागेसाठी अख्खं शहर मत देणार असेल (याला तिकडे ॲट-लार्ज म्हणतात) तर पाचही जागा 60 वाल्यांना, 40 वाल्यांना शून्य. तेच वॉर्ड केले आणि वस्त्या वेगवेगळ्या असल्या तर दोन जागा 40 वाल्यांना मिळू शकतात. मतदार तेच, मतं तीच, कौन्सिल वेगळं.

आणि वॉर्ड असले तरी रेषा कोण आखतं ते बघायला लागतंच. अलाबामातल्याच टस्कीगी शहरात 1957 ला राज्याच्या विधिमंडळाने शहराची हद्दच बदलली, आधी चौकोनी होती ती 28 बाजूंची वेडीवाकडी केली, आणि सुमारे 400 कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे शहराबाहेर गेले, गोरा मतदार एकही बाहेर गेला नाही. सुप्रीम कोर्टाने 1960 ला ‘गोमिलियन विरुद्ध लाइटफूट’ खटल्यात हे चालणार नाही असं सांगितलं.

जुनं झालं म्हणाल तर कॅलेरा बघा, बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला, शेल्बी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं). शहर भराभर वाढत होतं, आजूबाजूच्या नव्या वसाहती हद्दीत घेतल्या, मग वॉर्ड नव्याने आखले आणि कृष्णवर्णीय बहुसंख्येचा जो एकच वॉर्ड होता तो उरलाच नाही. तिथले नगरसेवक अर्नेस्ट मॉन्टगोमेरी 2008 ला दोन मतांनी हरले. दोन मतांनी! तेव्हा अलाबामातल्या शहरांना निवडणुकीतला कुठलाही बदल आधी केंद्राकडून मंजूर करून घ्यावा लागायचा, मतदानात वंशावरून होणारा भेदभाव रोखणाऱ्या 1965 च्या व्होटिंग राइट्स ॲक्टमुळे, आणि केंद्राच्या न्याय खात्याने हा नकाशा नामंजूर केला होता, म्हणून निवडणूक पुन्हा घ्यावी लागली, वेगळ्या पद्धतीने, आणि मॉन्टगोमेरी परत निवडून आले. पण त्याच शेल्बी काउंटीने केलेल्या खटल्यात 2013 ला सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 असा निकाल दिला आणि आधी मंजुरी घ्यायची सक्ती संपली. आता नकाशा आवडला नाही तर लोकांनाच नंतर कोर्टात जावं लागतं, त्यात वर्षं जातात आणि तोवर निवडून आलेलं कौन्सिल कारभार करत असतं. मला हे फार अन्यायाचं वाटतं आणि त्याबद्दल मी गप्प बसणार नाही.

आम्ही ग्रीन कार्डवर आहोत. शहराच्या निवडणुकीत तरी मत देता येतं का?

नाही. अलाबामात फक्त सिटिझनच मत देऊ शकतात, शहराच्या निवडणुकीतही. कोणी आग्रह केला, चुकून फॉर्म पुढे केला, तरी नाव नोंदवू नका, सिटिझन नसताना मत देणं गुन्हा आहे आणि ग्रीन कार्ड धोक्यात येऊ शकतं. सिटिझनशिप मिळाली की मात्र लगेच नोंदवा, मतदानाच्या चौदा दिवस आधी नोंदणी बंद होते आणि केंद्रावर फोटो आयडी लागतोच. तोपर्यंत कौन्सिलच्या मीटिंगला जा, त्या सगळ्यांना खुल्या असतात. आणि सिटी क्लार्ककडून, म्हणजे शहराची कागदपत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडून, वॉर्डांचा नकाशा मागून घ्या. 2030 च्या जनगणनेनंतर वॉर्डांच्या शहरांत रेषा पुन्हा आखल्या जातील, तेव्हा सुनावणी ठेवली तर तिथे बोलायला सहसा सिटिझनशिप विचारत नाहीत.