लहान फौंड्रींचा (धातूच्या ओतकाम कारखान्यांचा) क्लस्टर, म्हणजे सामाईक सुविधा वापरणारा गट, उभा करायचा तर सुरुवात कुठून करावी?

इमारतीपासून मुळीच नको. आधी शोधा, सगळ्यांना लागणारी पण एकट्याला न परवडणारी गोष्ट कोणती. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव पट्ट्यात अशी एक गोष्ट म्हणजे साच्यांत वापरून झालेल्या वाळूची सोय. टाकायला जागा नाही, नवी आणायची तर भाडं वाढतं. म्हणून वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारा सामाईक प्रकल्प तिथे अर्थपूर्ण ठरतो.

केंद्राच्या सूक्ष्म-लघुउद्योग क्लस्टर योजनेतून सामाईक सुविधेला अनुदान मिळतं. क्रम असा: पाहणी अहवाल, सभासदांची स्वतंत्र कंपनी, सविस्तर प्रकल्प अहवाल, मग मंजुरी. कंपनीत एका युनिटचा वाटा 10 टक्क्यांपेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर मशीनवर आधी त्याचाच माल चढतो आणि बाकीचे हळूहळू पाय काढून घेतात.

प्रकल्प अडकतात ते बहुधा तांत्रिक बाबीतच. रेझिनने (चिकट रसायनाने) बांधलेली कोअर वाळू, म्हणजे ओतकामात आतली पोकळी घडवणारी, आणि बेंटोनाइटची (चिकणमातीची) ओली वाळू एकत्र आली की सगळं बिघडतं: रेझिन प्रकल्पाच्या भट्टीत जळून जातं, पण भाजलेली माती कणांना चिकटून राहते आणि ती घासूनच काढावी लागते. त्यामुळे दोन्हींचे ढीग प्रत्येक कारखान्यातच वेगळे हवेत, आणि गाडी उतरवण्यापूर्वी नमुना तपासलाच पाहिजे.

दर ठरवताना वीज, देखभाल, घसारा तिन्ही धरा. अनुदान यंत्राला मिळतं, महिन्याच्या वीजबिलाला नाही. सभासदांकडून किमान किती टन वाळू देणार याची लेखी हमी सविस्तर प्रकल्प अहवालाआधीच घ्या. तोंडी होकारावर भट्टीची क्षमता ठरवली तर ती निम्मी रिकामी चालते.