पळणारा उंदीर जास्त घाबरट का होत नाही?

तुमचा प्रश्न एकदम बरोबर आहे: व्यायामाने मेंदूत नव्या पेशी येतात, नव्या पेशी तर पटकन चेकाळतात, मग पळणाऱ्या उंदराची भीती वाढायला हवी ना? मलाही हे बरेच दिवस छळत होतं.

पेशी वाढतात हे पक्कं आहे. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये व्हान प्राग, केम्परमान आणि गेज यांनी उंदरांच्या पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवून हे दाखवलं, हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतला आठवणी आणि भावना सांभाळणारा भाग) डेंटेट जायरस नावाच्या पट्ट्यात.

भीतीचं कोडं अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात मेंदूवर संशोधन करणाऱ्या एलिझाबेथ गूल्डच्या लॅबने २०१३ ला बरंचसं सोडवलं. काही उंदरांना सहा आठवडे चाक दिलं, बाकीच्यांना नाही, आणि मग थोडा वेळ गार पाण्यात सोडलं. बसून राहिलेल्यांच्या त्या भागातल्या पेशी लगेच पेटल्या, पळणाऱ्यांच्या नाही, कारण त्यांच्यात गाबा जास्त सुटत होतं, गाबा म्हणजे पेशींना शांत करणारं रसायन. मग त्यांनी हिप्पोकॅम्पसच्या खालच्या भागात गाबाचं काम औषधाने अडवलं, तर पळण्याचा फायदाच गेला! मला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो, म्हणजे पळण्याने नुसतं इंजिन मोठं होत नाही तर ब्रेकही दमदार होतो.

भीती मोजतात कशी तर अधिकच्या चिन्हासारखा उंच ठेवलेला एक चौफाटा असतो, दोन फाट्यांना भिंती, दोन उघडे. मी लॅबमध्ये असताना हे तासन्‌तास बघितलंय. घाबरलेला उंदीर मागचे पाय भिंतीच्या आडोशालाच ठेवतो आणि अंग ताणून फक्त नाक बाहेर काढतो, मिशा थरथरत असतात, आणि सुर्रकन परत आत. बघून जीव तुटायचा.

पण सगळीकडे असंच दिसतं असं नाही हं. २०१० ला जर्मनीतल्या एका गटाला चाकवाले उंदीर उलट जास्त घाबरलेले दिसले. आणि गूल्डच्याच लॅबने २००६ ला दाखवलं होतं की एकटा ठेवलेला घुशीएवढा मोठा पांढरा उंदीर काही दिवस पळाला तरी नव्या पेशी वाढत नाहीत, सोबत्यांबरोबर ठेवलेल्याच्या मात्र वाढतात. त्यामुळे असा पुढचा शोधनिबंध वाचाल तेव्हा किती पळाला याच्या आधी पिंजऱ्यात सोबत कोण होतं ते बघा.