ताराचा हात कोणत्या बटणावर आहे?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र आणि सोबतची, तुझ्या व्हिडिओ गेममधल्या तारा या पात्रावरची बावीस पाने मिळाली. दोन बैठकांत ती वाचून काढली. अकरा वर्षांची ही मुलगी, बर्फाळ खिंडीतून खेळाडूला पलीकडे नेणारी वाटाडी, तुझ्या मनात किती स्पष्ट उभी आहे हे पानोपानी कळते. तिला अंधाराची भीती का वाटते, बासरी ती कोणाकडून शिकली, झोपताना आईच्या शालीचा कोणता कोपरा मुठीत धरते, सगळे तू लिहिले आहेस. शालीचा तपशील तर इतका नेमका आहे की तिथे मी थोडा वेळ थांबलो. तरीही, तू स्पष्ट मत मागितलेस म्हणून लिहितो, हा मजकूर आहे तसा गेममध्ये उतरला तर तारा फारशी कोणाला आवडणार नाही.

याचे कारण असे की, खेळाडू तारासोबत नेमके काय करतो याचा उल्लेख बावीस पानांत मला दोनच ठिकाणी सापडला. ती बंद फाटके उघडते आणि खेळाडू भलत्या वाटेला लागला तर ‘इकडे नाही’ म्हणून ओरडते. म्हणजे खेळणाऱ्याच्या लेखी ती एक किल्ली आणि एक दिशादर्शक पाटी. किल्लीला कितीही करुण भूतकाळ जोडला तरी तिचे काम झाले की ती विसरली जाते. तुला तारा प्रिय आहे, कारण तू तिच्यासोबत कित्येक महिने काढले आहेस, तिच्यासाठी रात्री जागला आहेस. खेळाडूने तिच्यासाठी अजून काहीही केलेले नाही. तुझ्या वाट्याचा हा कष्ट थोडाफार त्याच्याही वाट्याला यावा, यासाठी गेममध्ये कोणती सोय करायची, एवढाच या पत्राचा विषय आहे.

२००१ साली प्लेस्टेशन २ या गेमयंत्रावर आलेला, जपानी गेमकार फुमितो उएदा यांचा ‘इको’ तू खेळला नसशील, तर आधी तो मिळवून खेळ. त्यात शिंगे असलेला एक मुलगा यॉर्डा नावाच्या मुलीला एका ओसाड किल्ल्यातून बाहेर काढतो. यॉर्डाची भाषा त्या मुलालाही कळत नाही आणि आपल्यालाही नाही, त्यामुळे संवादांतून जवळीक साधण्याचा मार्ग जवळजवळ बंदच आहे. आहे ते एक बटण. ते दाबले की मुलगा तिला हाक मारतो, ती जवळ आली की तिचा हात धरतो आणि बटण दाबून ठेवलेले असेपर्यंतच तो हात त्याच्या हातात राहतो. बोट सैल पडले की हात सुटला. याचा परिणाम मोठा विलक्षण होतो: पुढचे काही तास खेळाडूचे एक बोट सतत ताणलेले असते, त्याला त्याची जाणीवही उरत नाही, आणि उंच कठड्यावर चढण्यासाठी तिला खाली एकटी सोडावी लागते तेव्हा रिकामे झालेले ते बोट अस्वस्थ होते. खेळ जतन करायचा असेल तर दोघांनी एका दगडी बाकावर शेजारी बसावे लागते. जतन करणे ही खरे तर निव्वळ तांत्रिक सोय, पण तिथेही ती दोघे एकत्र बसून विसावा घेतात. यॉर्डाच्या भूतकाळावर तुझ्याइतकी पाने कोणी लिहिली होती की नाही, हा प्रश्न खेळताना मनात येतच नाही.

आता माझी एक फजिती सांगतो. मी कामाला लागलो तेव्हाच्या एका स्टुडिओत आमच्या गेममध्ये कंदील घेऊन चालणारा एक म्हातारा होता. त्याच्यासाठी आम्ही भरपूर संवाद लिहिले होते, विनोदी आणि हळवे दोन्ही, आणि ते सगळे मीच लिहिले असल्यामुळे मला त्यांचा अभिमानही होता. प्लेटेस्टमध्ये, म्हणजे लोकांना गेम खेळायला देऊन घेतलेल्या चाचणीत, लोक त्याला कंटाळले. तो दारात आडवा येई. त्याचा वेग खेळाडूच्या चालण्यापेक्षा जास्त आणि धावण्यापेक्षा कमी होता, त्यामुळे त्याच्याबरोबर जायचे म्हणजे चार पावले धावा आणि दोन पावले थांबा, असा प्रकार चाले. (ही चूक आजही नव्या गेममध्ये दिसते आणि दर वेळी मला तितकाच राग येतो. तारा खेळाडूच्या वेगाशी स्वतःचा वेग जुळवून घेईल, हे प्रोग्रामरकडून पहिल्याच आठवड्यात करून घे.) पुढे एका बिल्डमध्ये (गेमच्या त्या वेळच्या आवृत्तीत) वाट शोधण्याच्या कोडमध्ये बग, म्हणजे चूक, शिरला आणि लाकडी अरुंद पुलापाशी म्हातारा अडकून उभा राहू लागला. खेळाडू परत फिरून त्याच्या अगदी शेजारी येईपर्यंत तो पाऊल उचलत नसे. बग दुरुस्तीच्या यादीत गेला, परंतु त्याच बिल्डवर झालेल्या प्लेटेस्टमध्ये एका मुलीने हेडफोन काढून विचारले, ‘आजोबांना उंचीची भीती वाटते का?’ तिने त्यांना पुलावरून सोबत नेले होते आणि पुढच्या पुलाशी ती आपण होऊन थांबली होती, जिथे थांबण्याची काहीच गरज नव्हती. त्या दिवशी खेळलेल्या बाकीच्यांकडूनही आम्ही साधारण असेच काहीतरी ऐकले.

आम्ही शहाण्यासारखा बग दुरुस्त केला आणि पुढच्या फेरीत म्हातारा पुन्हा कंटाळवाणा ठरला. मग तो बग आम्ही मुद्दाम परत आणला. त्याला एकच छोटे अ‍ॅनिमेशन जोडले: पूल दिसला की तो मोकळा हात कठड्यावर ठेवतो आणि खेळाडूकडे वळून बघतो. माझे निम्मे संवाद त्यानंतर कापले गेले. त्याचे मला त्या वेळी फार वाईट वाटले होते, पण कापणाऱ्याचे बरोबर होते.

त्या मुलीने जे केले त्यात नवल काही नाही. फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात प्रेक्षकांना एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण आणि एक वर्तुळ दार असलेल्या एका चौकोनाच्या आतबाहेर सरकताना पडद्यावर दाखवले होते, बाकी काही नाही. जवळजवळ सगळ्यांनी त्या आकृत्यांचे वर्णन माणसांसारखे केले: मोठा त्रिकोण दांडगट आहे, वर्तुळ घाबरले आहे, छोटा त्रिकोण त्याला वाचवतो आहे. चेहरा नाही, नाव नाही, भूतकाळ नाही. हालचालीला दिशा आणि वेळ असली की माणूस बाकीचे स्वतः भरून काढतो. १९८० च्या ‘पॅक-मॅन’ या गेममधली, खेळाडूच्या मागे लागणारी भुतेही याच बळावर उभी आहेत. लाल भूत सरळ पाठलाग करते, गुलाबी भूत आपण जिथे पोहोचणार असू त्याच्या पुढचा अंदाज बांधते, आणि नारिंगी भूत जवळ आले की माघार घेऊन आपल्या कोपऱ्याकडे पळते. कोडमध्ये हे मोजक्या नियमांचे काम आहे, पण खेळणारे त्या नारिंगी भुताला भित्रे म्हणतात आणि त्यांना ते मनापासून तसे वाटते.

तेव्हा तुझ्या बावीस पानांतील प्रत्येक गुणाला मी एकच प्रश्न विचारेन: आवाज बंद केला तर हा दिसेल का? ताराला अंधाराची भीती वाटते, असे तू लिहिले आहेस. ठीक आहे. मग गुहेत शिरताना ती खेळाडूच्या कोणत्या बाजूला येते? मशाल खाली ठेवली तर ती मशालीजवळ राहते की खेळाडूजवळ? आणि तिसऱ्या गुहेपर्यंत यात काही बदल होतो का? शेवटच्या प्रश्नावर जास्त वेळ घालव. पहिल्या गुहेत ती दाराशीच थांबते, दुसऱ्या गुहेत बाही धरून चालते आणि तिसऱ्या गुहेत दोन पावले पुढे जाऊन मागे वळून बघते, एवढे दाखवले तरी तुझ्या चार पानांची गरज उरणार नाही आणि तिचे धैर्य वाढले हे कोणाला सांगावे लागणार नाही.

दुसरे म्हणजे, ताराला थोडे अवज्ञाकारी होऊ दे. तू तिला फार सोज्वळ केले आहेस. उएदा यांच्याच २००५ च्या ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मध्ये अ‍ॅग्रो नावाची घोडी आहे. ती गाडीसारखी वळत नाही. लगाम ओढल्यावर क्षणभराने वळते, अरुंद वाटेवर स्वतःची पावले स्वतः सांभाळते, कड्याच्या टोकाशी आपण होऊन थबकते. सुरुवातीला चिडचिड होते, हे खरे. पण आपल्याखेरीज तिलाही डोळे आहेत हे त्या क्षणभराच्या विलंबातून जाणवते, आणि मोकळ्या माळावर हाक मारल्यावर ती दुरून दौडत येते तेव्हा आनंद होतो तो याचमुळे. बटण दाबताच हमखास हजर होणाऱ्या वाहनाबद्दल असा आनंद होत नाही. मात्र हे अंगाशी येऊ शकते, म्हणून मर्यादा आधी ठरवून ठेव. ताराने बर्फातले ठसे पाहण्यासाठी थांबावे, बोलावल्यावर एकदा ‘थांब ना’ म्हणावे. पण शत्रू अंगावर आला असताना तिच्या हट्टापायी खेळाडू मरता कामा नये. २०१३ च्या ‘द लास्ट ऑफ अस’मध्ये लपूनछपून पुढे सरकताना खेळाडूच्या सोबतची मुलगी एली शत्रूच्या नजरेसमोरून गेली तरी शत्रू तिची दखल घेत नाहीत. हे वास्तवाला धरून नाही आणि काहींनी त्याची थट्टाही केली, तरी मला तो निर्णय योग्य वाटतो. तिच्या चुकीची शिक्षा खेळाडूला चार वेळा भोगावी लागली असती, तर तिच्यावर जीव जडणे कठीण होते.

त्याच वर्षीच्या ‘बायोशॉक इन्फिनिट’मध्ये खेळाडूच्या सोबतची एलिझाबेथ लढाईच्या धामधुमीत गोळ्या संपत आल्या की हाक मारून दारूगोळा फेकते आणि आपण बटण दाबून तो झेलतो. झेलण्याची ही क्रिया किती लहान आहे बघ, पण देवाणघेवाण पूर्ण होते ती तिच्यामुळे. सांभाळावे लागणारे पात्र हळूहळू ओझे होते. सांभाळता सांभाळता कधीतरी आपल्यालाही सावरणारे पात्र सोबती होते. ताराकडून खेळाडूला काय मिळते, हे तुझ्या पानांत कोरेच राहिले आहे.

रूपाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे तू वाजवीपेक्षा जास्त काळजी करतो आहेस. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मधल्या मारिओला मिशी मिळाली ती इवल्याशा चित्रात तोंड काढायला जागा नव्हती म्हणून, आणि टोपी मिळाली ती केस काढण्याची व हलवण्याची कटकट टाळण्यासाठी. तुझ्या चित्रकाराला ताराची आकृती धुक्यातून, दुरून, पाठमोरी ओळखू येईल अशी करायला सांग. डोळ्यांचा रंग नंतर ठरवता येईल.

संवादांबद्दल मात्र सावध राहा. तिच्यासाठी लिहिलेल्या चारशे वाक्यांपैकी बरीच चांगली आहेत, पण चांगले वाक्य तिसऱ्यांदा कानावर पडले की पात्राचे यंत्र होते, आणि त्यातून ते विनोदी असेल तर दुसऱ्यांदाच होते. एकदा उच्चारलेले वाक्य पुन्हा येणार नाही अशी व्यवस्था कर आणि वाक्ये संपली तर तिला गप्प राहू दे.

आता पाचव्या लेव्हलच्या शेवटी होणाऱ्या ताराच्या मृत्यूविषयी. तुझ्या पत्रात ‘इथे खेळाडू रडलाच पाहिजे’ असे वाक्य आहे. त्या ‘पाहिजे’ची मला धास्ती वाटते. १९९७ च्या ‘फायनल फँटसी सेव्हन’मधला एरिथचा मृत्यू लोक अजून विसरलेले नाहीत. त्याला कथा आणि संगीत कारण आहेतच, पण खेळाडूने कित्येक तास तिला आपल्या चमूत लढवलेले असते, तिची ताकद वाढवलेली असते, जखमा भरून काढण्यासाठी तिच्यावर विसंबलेले असते. दृश्य संपते आणि पुढच्या लढाईत ती जागा रिकामी असते. दुःखाला बसायला तिथे जागा मिळते. तुझ्या ताराच्या जाण्याने आज कोणती जागा रिकामी होईल? फाटके तर पाचव्या लेव्हलनंतर नाहीतच. म्हणून माझी सूचना अशी की, मृत्यूचा कटसीन (खेळाडूने नुसते बघायचे दृश्य) बाजूला ठेव आणि तिसऱ्या लेव्हलमध्ये तिला फक्त दहा मिनिटांसाठी खेळाडूपासून दूर कर. दरड कोसळू दे, वाट वेगळी होऊ दे. मग प्लेटेस्टमध्ये खेळणाऱ्याच्या चेहऱ्याकडे न बघता बोटांकडे बघ. ताराला हाक मारायचे बटण तो सवयीने दाबतो का? दाबत असेल, तर तिला मारायचे की नाही याचा विचार सावकाश करू. दाबत नसेल, तर ती मेल्यावरही तो दाबणार नाही.

आणखी एक उदाहरण देतो, कारण तुझ्या पुढच्या कामाला ते उपयोगी पडेल. २००७ च्या ‘पोर्टल’मध्ये एका कोड्यासाठी खेळाडूला एक ठोकळा लेव्हलभर सोबत न्यावा लागतो. चाचणीत लोक तो वाटेतच विसरत होते. तेव्हा बनवणाऱ्यांनी त्यावर हृदयाची खूण काढली, गेममधल्या यंत्राच्या तोंडी ठोकळ्याबद्दल चार वाक्ये घातली आणि शेवटी तो भट्टीत टाकल्याशिवाय दार उघडू दिले नाही. तो ठोकळा हलत नाही, बोलत नाही, पण त्याला जाळताना अनेकांचा हात अडखळला, कारण तिथवर त्यांनी त्याला वाहून आणले होते, त्याच्यावर उभे राहिले होते, त्याच्या आड लपले होते.

तेव्हा पुढच्या पत्रासोबत पाने पाठवू नकोस. ताराचा चेहरा, शाल, बासरी, आवाज सगळे काढून तिच्या जागी राखाडी रंगाची एक लांबट पेटी ठेव, एक गुहा आणि एक पूल बनव, आणि दहा मिनिटांचा प्रोटोटाइप, म्हणजे कच्चा नमुना, मला पाठव. त्या पेटीने माझ्यामागून यावे, कुठेतरी अडावे, कुठेतरी मला मदत करावी. तिचे नाव मला माहीत आहे हे मी खेळताना विसरण्याचा प्रयत्न करीन. आणि कोणते बटण कशासाठी आहे ते कृपया कागदावर लिहून पाठव. मागच्या वेळी उडी मारायचे बटण सापडेपर्यंत मी पाऊण तास पहिल्याच खड्ड्यात होतो.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
एक जुना सहप्रवासी