मशीन बदललं, हात तोच: हार्वेस्टर चालकांचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच अडचणीची आहेत. जुन्या हार्वेस्टरवर बरीच वर्षं काढलेला चालक नव्या मशीनवर बसतो आणि हातात बसलेली एखादी सवय तिथे नडते. निवडक प्रश्न आणि उत्तरं पुढे देत आहोत.

प्रश्न: इतकी वर्षं स्ट्रॉ वॉकरची (मळलेलं काड उसळवून उरलेला दाणा झटकणाऱ्या पट्ट्यांची), गिअरवाली मशीन चालवली. आता हायड्रोस्टॅटिक (गिअरऐवजी तेलाच्या दाबाने चालणारं) रोटरी मशीन हाताखाली आहे, त्यात ड्रमऐवजी लांब रोटर मळणी करतो. जुन्या मशीनवर गव्हाला मळणीचा ड्रम मिनिटाला ९५० फेऱ्यांवर ठेवायचो, इथेही रोटर तेवढाच ठेवला. पीक दाट आलं की रेस कमी करतो. काडात दाणा राहत नाही, पण टाकीत फुटका गहू दिसतो, बांधाजवळ वळताना तर जास्तच. चुकतंय कुठे?

आधी ९५० या आकड्याकडे बघा. दाण्याला फटका बसतो तो ड्रमच्या कडेच्या वेगाचा, आणि तो वेग व्यासावर ठरतो. ६०० मिमी व्यासाचा ड्रम ९५० फेऱ्यांवर फिरला की कडेचा वेग सेकंदाला साधारण ३० मीटर होतो. ७६० मिमीच्या रोटरला तोच वेग ७५० फेऱ्यांतच मिळतो. तुम्ही ९५० ठेवलेत म्हणजे कडेला ३८ मीटरच्या आसपास, गव्हाला हे जास्तच झालं. उलट ४५० मिमीच्या लहान ड्रमला ९५० फेऱ्यांवर जेमतेम २२ मीटर मिळतात, तिथे ओंब्या अर्धवट मळून निघतील. म्हणून एका मशीनचे फेरे दुसऱ्यावर कधी नेऊ नका. व्यास मोजा, हिशोब करा, गव्हाला २५ ते ३२ मीटरच्या दरम्यान सुरुवात करा.

दुसरं कारण रोटरच्या कामाच्या पद्धतीत आहे. ड्रम आणि वॉकरच्या मशीनमध्ये पीक जाळीवरून (ड्रमखालची, दाणा गाळणारी कमान) एकदाच सपाट्याने जातं आणि राहिलेला दाणा वॉकर झटकून काढतात. रोटरमध्ये तेच पीक जाळीभोवती अनेक फेरे घेतं आणि मळणी बरीचशी पिकावर पीक घासूनच होते. १९७५ मध्ये न्यू हॉलंडचं टीआर ७० आणि १९७७ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरची १४४० आणि १४६० बाजारात आली, तेव्हापासून रोटरी मशीनचा हा गुण आणि हाच हट्ट: रोटर भरलेला हवा. वळताना कटर बार अर्धाच पिकात असतो, रोटर रिकामा पडतो, काडाची गादी उरत नाही आणि लोखंडी पट्ट्यांचा मार थेट दाण्यावर बसतो. त्यामुळे पीक विरळ असेल तर आधी चालीचा वेग वाढवा. तेवढ्याने भागलं नाही तर रोटर ५० फेऱ्यांनी उतरवा, थोडं कापून टाकीतला नमुना बघा. जाळी त्यानंतर, एकेक खाच उघडायची. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम हलवल्या तर गुण कशाचा आला तेच कळत नाही.

राहिली रेस. ती कमी करायची नाही, ना नव्या मशीनवर ना जुन्या. पंखा, चाळण्या, दाणा टाकीत चढवणारा एलेव्हेटर सगळं त्या एकाच इंजिनावर चालतं. जुन्या मशीनवर वॉकरचा क्रँक मिनिटाला २०० च्या आसपास फिरतो. रेस उतरली की काड उसळायचं थांबतं, वॉकरवर साचतं आणि दाणा काडातच राहून मागे पडतो. तिथे क्लच दाबून मशीनला आतला माल काढू देणं ही खरी रीत होती. इथे हायड्रोचा दांडा मागे घ्या, थ्रॉटल पूर्णच राहू द्या.

एवढं करूनही फुटका दाणा दिसला तर रोटरला दोष देण्याआधी फूट कुठे होते ते शोधा. मशीन पूर्ण बंद करून, किल्ली काढून, रोटरखालच्या दाण्याच्या पत्र्यावरून मूठभर दाणे घ्या, दुसरी मूठ टाकीतून. प्रत्येकी शंभर दाण्यांत फुटके किती ते मोजा. पत्र्यावर दाणा शाबूत आणि टाकीत फुटका असेल तर चोर पुढे आहे: एलेव्हेटरची ढिली साखळी, झिजून धारदार झालेलं ऑगरचं (माल सरकवणाऱ्या स्क्रूचं) पातं, नाहीतर परतीच्या नळीतून पुन्हा पुन्हा मळणीला जाणारा स्वच्छ दाणा. परतीत स्वच्छ दाणा दिसला की खालची चाळणी एक-दोन मिमी उघडा.

प्रश्न: जुन्या मशीनला लॉस मीटर नव्हता. नव्यात आहे आणि तो हिरवाच दाखवतो, तरी मागे दाणे पडलेले दिसतात. विश्वास कशावर ठेवावा?

मोजलेल्या दाण्यांवर. तो मीटर म्हणजे वॉकर किंवा रोटरच्या आणि चाळणीच्या शेवटी बसवलेली पट्टी. तिच्यावर किती दाणे आपटले एवढंच तिला कळतं. नुकसान वाढलं की घटलं हे ती सांगते, किती ते सांगत नाही. हाताने मोजून तिची संवेदनशीलता बसवावी लागते, आणि पीक बदललं की पुन्हा.

मोजायची रीत अशी. काड पसरवणारं यंत्र बंद ठेवून शेताच्या मध्यावर नेहमीच्या वेगाने कापत जा, थांबा, आतलं पीक निघून गेलं की मशीन तिच्या लांबीएवढी मागे घ्या. मग ५० × ५० सेंमीची चौकट तीन ठिकाणी टाका: उभ्या पिकात, कटर बारने कापलंय पण मागचा माल पडलेला नाही अशा पट्टीत, आणि मागे पडलेल्या काडाखाली. प्रत्येक ठिकाणी तीन-चारदा मोजून सरासरी घ्या.

समजा गव्हात अनुक्रमे ६, १४ आणि ६२ दाणे मिळाले. पहिले ६ मशीनने पाडलेले नाहीत, ते आधीच गळालेत. कटर बारचे १४ वजा ६, म्हणजे ८. मागचे ६२ वजा १४, म्हणजे ४८. पण थांबा, कटर बार ४.२ मीटरचा आहे आणि काड पडतं १.४ मीटरच्या पट्ट्यात. तीन पट रुंदीतला माल एका पट्टीत साचलाय, म्हणून ४८ ला ३ ने भागा: १६. (नेमकं हेच विसरून चांगल्या चालकाला नावं ठेवली जातात.) एकूण २४ दाणे चौकटीत, म्हणजे चौरस मीटरला ९६. हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम धरलं तर चौरस मीटरला २५० दाणे म्हणजे हेक्टरी १०० किलो. तुमचे ९६ म्हणजे हेक्टरी सुमारे ३८ किलो. हेक्टरी चार टन पीक असेल तर एक टक्क्याच्या आत. हे चालण्यासारखं आहे.

मागचा आकडा जास्त आला तर दाणे कुठून येतात ते बघा. लांब काडात असतील तर वॉकर किंवा रोटरवर भार जास्त झालाय, चाल कमी करा. बारीक भुशात असतील तर चाळणी आणि पंखा. इथे बरेच जण पंखा कमी करत सुटतात. वारा फार झाला की दाणा उडतो हे खरं, पण वारा कमी पडला की भुशाची जाड गादी चाळणीवरून सरकते आणि दाणा तिच्यावर स्वार होऊन बाहेर जातो. चढावर मशीनचा मागचा भाग खाली जातो, माल चाळणीवरून लवकर पळतो. तिथे चाल कमी करणं हाच उपाय.

प्रश्न: गव्हानंतर लगेच सोयाबीन कापायला घेतलं, तर सर्वांत आधी काय बदलू?

ड्रमचा वेग. ६०० मिमीच्या ड्रमला ४५० ते ६०० फेऱ्या पुरतात, जाळी मोकळी, चाळण्या मोठ्या. पट्ट्याच्या व्हेरिएटरने वेग बदलत असाल तर मळणी चालू असतानाच बदला, थांबलेल्या पुलीवर पट्टा दाबला जाऊन खराब होतो. पण सोयाबीनचा खरा तोटा आत होत नाही, कटर बारपाशी होतो. बार जमिनीलगत ठेवा, नाहीतर खालच्या शेंगा खुंटावरच राहतात. पाती धारदार हवीत, बोथट पात्याने झाड हलतं आणि शेंगा तडकतात. रीलच्या (पीक कटर बारकडे ओढणाऱ्या फिरत्या पिंजऱ्याच्या) कडेचा वेग चालीपेक्षा १० ते २५ टक्केच जास्त असावा: ताशी ४ किमी चाल आणि १ मीटर व्यासाची रील असेल तर मिनिटाला २५ फेरे. दाण्यात ओल १३ ते १५ टक्के असताना कापा. त्याहून सुकलं तर भर दुपारी मशीन घालू नका.

प्रश्न: चाकांच्या मशीनवरून ट्रॅकवाल्या भाताच्या मशीनवर आलोय. वळताना चिखल उकरला जातो.

जागच्या जागी वळू नका. एक ट्रॅक अडवून वळलात की दुसरा चिखल ओढून ढीग करतो. थोडं पुढे-मागे घेत तीन टप्प्यांत वळा, आणि टाकी भरेपर्यंत वाट न बघता कडेला आलात की रिकामी करा. काम संपल्यावर रोलरमधला चिखल ओला असतानाच काढा, वाळला की सील कापतो.

प्रश्न: फीडर (कापलेलं पीक ड्रमकडे नेणारा भाग) तुंबला तर जुन्या मशीनवर पान्याने ऑगर उलटा फिरवायचो. नव्यात रिव्हर्सर आहे. मग हात घालायची गरजच नाही ना?

रिव्हर्सर फीडर आणि ऑगर मोकळा करतो, ड्रममध्ये घट्ट बसलेला माल नाही. त्यासाठी जाळी पूर्ण उघडा, मळणीचा क्लच सोडा, इंजिन बंद करा, किल्ली खिशात ठेवा, सगळं फिरायचं थांबू द्या. मग ड्रम दांड्याने उलटा-सुलटा हलवा आणि माल थोडा थोडा ओढून काढा. कटर बारखाली जायचं असेल तर सिलिंडरवरचा सुरक्षा अडसर लावल्याशिवाय नाही, तेलाचा दाब कधीही सुटू शकतो. टाकीत दाणा अडला तर पायाने ढकलायचा नाही. तळाचा ऑगर फिरत असेल तर पाय गेला म्हणून समजा.

प्रश्न: ट्रॅक्टर चालवता येतो. हार्वेस्टरवर पहिल्यांदाच बसणार आहे.

इथे मागची चाकं वळतात, त्यामुळे शेपूट बाहेर फेकली जाते. विजेचा खांब, झाड, भिंत यांच्या बाजूने निघताना आधी सरळ पुढे जा, मग वळा. पुढचा भाग जड असतो. उतारावर जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही, म्हणून उतार खालच्या गिअरमध्येच उतरा. रस्त्यावर दोन्ही ब्रेकचे पेडल एकत्र जोडा, टाकी रिकामी ठेवा, कटर बार काढून ट्रॉलीवर न्या.